ॲसव्हॅबचे गुण: सैन्यभरतीची चाचणी नेमकं काय मोजते?

ऑस्टिनकर

मंडळी, विषय जरा आडवाटेचा आहे, पण इथे आकडेवारीवाले आणि फौजेतले असे दोन्ही प्रकारचे लोक आहेत म्हणून धागा काढतोय.

अमेरिकेत सैन्यात शिरायचं तर ॲसव्हॅब नावाची परीक्षा द्यावी लागते. १९६८ पासून ती हायस्कुलांतही फुकट घेतात. सैन्याचा विचारही न केलेली पोरं 'करिअर कळेल' म्हणून देऊन टाकतात. माझ्या भाच्याने दिली, ४७ आले. ताई फोनवर म्हणाली, "शंभरात सत्तेचाळीस? हा इतका ढ कधीपासून झाला?" मग भरती कार्यालयातून घरी फोन यायला लागले, तेव्हा ती जास्तच चक्रावली. तिला समजावण्यासाठी वाचायला बसलो आणि त्यातच अडकलो.

आधी ४७ चा अर्थ. हे मार्क नाहीत, पर्सेंटाइल आहे. १९९७ मध्ये देशभरातून १८ ते २३ वयाच्या तरुणांचा नमुना निवडून त्यांना ही परीक्षा दिली गेली आणि २००४ पासून गुण त्यांच्याशी ताडून देतात. म्हणजे पोरगा त्या नमुन्यातल्या ४७ टक्क्यांच्या बरोबरीने किंवा पुढे आहे, अगदी मधोमध म्हणा. परीक्षेत विज्ञान, इलेक्ट्रॉनिक्स, गाड्या-वर्कशॉप, यंत्रं असं बरंच काही असतं, पण भरतीसाठी जो एक आकडा धरतात, ज्याला एएफक्यूटी म्हणतात, तो फक्त भाषा आणि गणितातून निघतो, आणि त्यात भाषेला दुप्पट वजन. बाकीचे विषय कोणाला कुठला ट्रेड, म्हणजे कुठल्या प्रकारचं काम, द्यायचं ते ठरवायला.

त्या आकड्याचे गट पाडलेत. ९३ आणि त्यावर पहिला, ६५ ते ९२ दुसरा, ५० ते ६४ 'तीन-अ', ३१ ते ४९ 'तीन-ब', १० ते ३० चौथा, त्याखाली पाचवा. पाचव्याला कायद्यानेच बंदी. चौथ्या गटातले जास्तीत जास्त ४ टक्के घ्यावेत असं संरक्षण खात्याचं धोरण. ५० च्या वर असलेल्यांच्या मागे सगळे धावतात, बोनसही त्यांनाच.

मला पडलेला प्रश्न असा की ३१ चा माणूस चालतो आणि ३० चा सहसा चालत नाही, हे कोणी कधी तपासलं का? तपासायचं तर नापासांनाही भरती करून बघायला हवं, आणि असं कोण करेल?

तर ते झालंय. चुकून! जानेवारी १९७६ मध्ये परीक्षेची नवी प्रश्नपत्रिका आली आणि कच्च्या गुणांचे पर्सेंटाइल करायचा तक्ताच चुकला. खालच्या टोकाच्या मुलांना फुगवलेले गुण मिळत गेले. ऑक्टोबर १९८० मध्ये नवे फॉर्म येईपर्यंत हे चालू होतं. त्या काळात तीन लाखांवर अशी मुलं आत आली जी खऱ्या हिशोबाने नापास होती. लष्कराने संसदेला सांगितलं होतं की चौथ्या गटातले दहा टक्क्यांच्या आत आहेत. दुरुस्त तक्त्याने मोजल्यावर ते निम्म्याच्या आसपास निघाले. शीतयुद्ध ऐन भरात, आणि लष्करात भरती झालेल्यांपैकी निम्मे चौथ्या गटातले. संसदेने लगेच कायद्याने मर्यादा घातल्या.

पण गंमत पुढे आहे. या 'अपात्र' मुलांचं काय झालं ते संशोधकांनी नंतर शोधलं. ती कामाच्या चाचण्यांत मागे पडली, हे खरं. पण थोडीच. बहुतेकांनी प्रशिक्षण पूर्ण केलं, नोकरी केली, बढत्या घेतल्या. कोसळलं असं काही नाही.

माझं मत असं बनलंय की परीक्षा खोटी नाही, पण कट-ऑफची रेष परीक्षेने आखलेली नसते. ती भरतीला किती पोरं मिळतायत त्यावरून आखली जाते. जाणकारांनी भर घालावी.

---

मेघना_डी

रुमाल टाकून ठेवते. सविस्तर रात्री.

---

गणिती_बाबा

उत्तम धागा. शेवटच्या वाक्याशी सहमत, पण 'थोडीच मागे पडली' यावर जरा थांबू.

या क्षेत्रातलं सगळ्यात मोठं काम म्हणजे १९८२ पासून दशकभर चाललेला अमेरिकी लष्कराचा 'प्रोजेक्ट ए'. वरच्याच गोंधळानंतर संसदेने विचारलं की तुमच्या परीक्षेचा कामाशी संबंध तरी दाखवा. मग नऊ हजारांवर सैनिकांना १९ वेगवेगळ्या कामांमध्ये तपासलं. म्हणजे खरोखर रायफल सोडवून जोडायला लावली, जखम बांधायला लावली, रेडिओ जुळवायला लावला, वरिष्ठांचे शेरे घेतले, शिस्तीची नोंद काढली. आणि 'चांगला सैनिक' ही एक गोष्ट न मानता तिचे पाच भाग केले. माझ्या मते या प्रकल्पाची खरी कमाई तीच.

बुद्धिमापन चाचण्यांचा त्या पाच भागांशी सहसंबंध (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण) असा आला. आपल्या ट्रेडचं तांत्रिक काम: ०.६३. सर्वसाधारण सैनिकी कामं: ०.६५. मेहनत आणि नेतृत्व: ०.३१. शारीरिक तंदुरुस्ती आणि लष्करी टापटीप: ०.२०. वैयक्तिक शिस्त: ०.१६.

आता स्वभावचाचण्यांचे आकडे त्याच क्रमाने: ०.२६, ०.२५, ०.३३, ०.३७, ०.३२.

दोन्ही ओळी शेजारी ठेवून बघा. काम येईल का, हे पहिली ओळ सांगते. सांगितलेलं ऐकेल का, वेळेवर उठेल का, दारू पिऊन भांडेल का, हे तिला जवळजवळ कळत नाही. त्यामुळे 'ॲसव्हॅब चालते का?' हा प्रश्नच अर्धा आहे. कशासाठी चालते ते विचारा.

---

चिकित्सक

गणितीबाबा, हे ०.६३ 'सुधारित' आकडे आहेत ना? कच्चे बरेच कमी असणार. संख्याशास्त्रज्ञांनी हात फिरवला की आकडा वाढतो, हे नेहमीचंच.

---

गणिती_बाबा

हो, सुधारित आहेत, आणि सुधारायलाच हवेत. एखाद्या कॉलेजने अकरावीला फक्त ९५ टक्क्यांवरची पोरं घ्यायची आणि बारावीनंतर म्हणायचं की दहावीच्या मार्कांचा निकालाशी काही संबंधच दिसत नाही! दिसणार कसा? सगळे एकाच खणातले. कमी गुणांवाले आतच आलेले नसतात, म्हणून कच्चा सहसंबंध दबलेला दिसतो. ऑस्टिनकरांनी सांगितलेली १९७६ ची चूक म्हणूनच सोन्यासारखी: त्या पाच वर्षांत ही चाळणी जवळपास उघडीच राहिली होती, गणिती मलमपट्टी फारशी न करता बघता आलं.

पण तुम्ही दुसरीकडे बोट ठेवायला हवं होतं. 'तांत्रिक काम' मोजताना हाताने करायच्या चाचणीबरोबर त्या कामाच्या ज्ञानाची लेखी परीक्षाही धरली होती. लेखी परीक्षेतले हुशार दुसऱ्या लेखी परीक्षेतही हुशार निघणारच. त्या ०.६३ मध्ये तो हिस्सा आहे.

---

सुभेदार_निवृत्त

मी मराठा लाइट इन्फन्ट्रीत होतो. तुमच्या शून्य दशांशातलं मला फार कळत नाही, पण गणिती_बाबांच्या त्या दोन ओळी वाचून हसू आलं. हे कुठल्याही सेंटरवरच्या उस्तादाला विचारा, पहिल्या महिन्यात सांगेल.

मॉर्टरचं, म्हणजे उखळी तोफेचं, उदाहरण देतो. ८१ मिलिमीटर मॉर्टरवर पुढे बसलेला पोरगा गोळा कुठे पडला ते बघून दुरुस्ती देतो. मागे दुसरा ती आकड्यात बसवतो. पूर्ण वर्तुळाचे ६४०० मिल (हे कोनाचं माप). बेअरिंग, अंतर, चार्ज, टेबल बघायचं, आणि हे सगळं समोरून फायर येत असताना. ज्याला हिशोब जमतो तो दोन आठवड्यांत तयार होतो. ज्याला नाही जमत तोही तयार होतो, पण दोन महिन्यांत, आणि रात्री थंडीत बोटं आखडली की पुन्हा चुकतो. म्हणजे डोकं लागतं. त्यात वाद नाही.

पण माझ्याकडे हिशोबात पक्का असा एक होता, तो प्रत्येक रजेला ओएसएल, म्हणजे रजा संपली तरी परत न येणारा. घरून परत आणायला माणूस पाठवायचा. आणि आकड्यांत कच्चा असलेला त्याचाच जोडीदार: बेस प्लेट पाठीवर घेऊन चढताना कधी कुरकुरला नाही, रात्रीच्या ड्यूटीला कधी झोपला नाही. डिटॅचमेंट चालायची ती त्याच्यामुळे. आता कुठली परीक्षा याला पास करेल आणि त्याला नापास?

---

ऑस्टिनकर

सुभेदार साहेब, कुठलीच नाही, पण अमेरिकेत एक कागद त्याच्या जवळ जातो. हायस्कूलचा दाखला. पहिली तीन वर्षं पूर्ण करण्याचं प्रमाण दाखलेवाल्यांमध्ये ८० टक्क्यांच्या आसपास आणि शाळा सोडलेल्यांमध्ये निम्म्याच्या जवळ. ॲसव्हॅबचे गुण सारखे असले तरी हा फरक राहतो. शाळा सोडून नंतर जीईडी नावाची समकक्ष परीक्षा पास झालेले लोक गुणांनी चांगले असतात, पण टिकण्याच्या बाबतीत ते शाळा सोडलेल्यांसारखेच निघतात. म्हणून ९० टक्के भरती दाखलेवाल्यांची हवी असं लक्ष्य ठेवलंय.

---

सुभेदार_निवृत्त

बरोबर. बारा वर्षं रोज सकाळी शाळेत गेला, कंटाळा आला तरी गेला. तेच तर पाहिजे.

---

मेघना_डी

आता सविस्तर. सगळे चाचणीच्या बाजूने बोलतायत म्हणून मी विरुद्ध बाजू घेते.

ही परंपरा सुरू होते १९१७ मध्ये. रॉबर्ट यर्क्स आणि सहकाऱ्यांनी न्यू जर्सीतल्या व्हाइनलँडला बसून आर्मी अल्फा आणि आर्मी बीटा बनवल्या. अल्फा वाचता येणाऱ्यांसाठी, बीटा निरक्षर आणि इंग्रजी न येणाऱ्यांसाठी. सतरा लाखांच्या आसपास रंगरूट तपासले. आणि प्रश्न बघा: क्रिस्को काय आहे? औषध, जंतुनाशक, टूथपेस्ट की खाद्यपदार्थ? (आपल्या डालड्यासारखं वनस्पती तूप.) क्रिस्टी मॅथ्यूसन कशासाठी प्रसिद्ध? (बेसबॉल.) सिसिलीहून दोन वर्षांपूर्वी बोटीतून उतरलेल्या गवंड्याला हे कसं माहीत असावं? बीटात तर चित्रातलं काय गायब आहे ते ओळखायचं. टेनिसच्या मैदानावर जाळी नाही, ग्रामोफोनला कर्णा नाही. ज्याने जन्मात टेनिस बघितलं नाही त्याची बुद्धी कमी!

निष्कर्ष काय काढला? सरासरी गोऱ्या रंगरूटाचं मानसिक वय तेरा वर्षं, आणि दक्षिण व पूर्व युरोपातून आलेले जन्मजात मंद. त्यांच्याच तक्त्यांत दिसत होतं की अमेरिकेत जितकी जास्त वर्षं काढली तितके गुण जास्त. उत्तरेच्या काही राज्यांतले कृष्णवर्णीय रंगरूट दक्षिणेच्या काही राज्यांतल्या गोऱ्यांपेक्षा वर होते. म्हणजे शाळा मोजली जात होती. तरी कार्ल ब्रिगहॅमने १९२३ मध्ये वंशाचं पुस्तक लिहिलंच. १९३० मध्ये त्याने स्वतःच ते निष्कर्ष मागे घेतले, पण १९२४ चा स्थलांतरविरोधी कायदा तोवर होऊन गेला होता. अवांतर: सॅट परीक्षा याच ब्रिगहॅमची.

दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांना नंतर तीच अल्फा दिली तेव्हा त्यांच्यातला मधला माणूस पहिल्या युद्धातल्या पाचांपैकी चार जणांच्या वर गेला. पंचवीस वर्षांत वंश सुधारतो का? शाळेची वर्षं वाढली होती.

आणि आजच्या ॲसव्हॅबमध्येही 'गाड्या आणि वर्कशॉप' आहे. हा पाना कशासाठी, हा भाग इंजिनात कुठे असतो. ज्या मुलीला घरी कोणी बोनेट उघडून दाखवलं नाही तिने काय करावं?

---

गणिती_बाबा

मेघनाताई, इतिहासाबद्दल शब्द न शब्द मान्य. शेवटच्या मुद्द्यावर थोडा मतभेद. वर्कशॉपचा विषय भरतीच्या आकड्यात येत नाही, ट्रेड वाटतानाच येतो. आणि मेकॅनिकच्या ट्रेडसाठी तो चांगला अंदाज देतो, कारण ज्याला आवड आहे त्याने आधीच हात काळे केलेले असतात. पण तुम्ही म्हणता तसं, संधी आणि आवड ही चाचणी वेगळी करू शकत नाही. मुलींना यंत्राचे ट्रेड कमी मिळतात त्यात याचा वाटा आहे, हे नाकारता येत नाही.

---

चिकित्सक

एक अध्याय राहिला. व्हिएतनाम. ऑक्टोबर १९६६ मध्ये संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅकनमारांनी 'प्रोजेक्ट १,००,०००' सुरू केला. चाचणीत नापास होणाऱ्या गरीब पोरांना सैन्यात घेऊ, शिकवू, त्यांचं आयुष्य मार्गी लावू, अशी भाषा. १९७१ पर्यंत साडेतीन लाखांच्या आसपास घेतले. साधारण ४० टक्के कृष्णवर्णीय. कॉलेजातल्या मुलांना सक्तीच्या भरतीतून सवलत चालू होती, राखीव दलांना बोलावणं राजकीयदृष्ट्या महाग होतं, माणसं तर हवी होती. मग रेष खाली आणली. शिकवण्याचा भाग बराचसा कागदावर राहिला आणि यातले बरेच जण थेट पायदळात गेले. ऐंशीच्या दशकात त्यांचा माग काढला तेव्हा, तितकेच गुण असलेल्या पण सैन्यात न गेलेल्या मुलांपेक्षा त्यांचं काही भलं झालेलं दिसलं नाही. काही बाबतींत वाईटच.

ऑस्टिनकर म्हणतात रेष राजकीय असते. हो, पण त्या रेषेचं ओझं कोणावर पडतं तेही बोला. १९७६ ची चूक शांततेच्या काळात झाली म्हणून 'कोसळलं काही नाही' म्हणता येतं.

---

ऑस्टिनकर

हा मुद्दा जबरदस्त आहे आणि मूळ लेखात यायला हवा होता असा आहे. शांततेत 'थोडा मागे' असणं आणि युद्धात 'थोडा मागे' असणं यांची किंमत वेगळी. नव्वदच्या सुमारास रँड या संशोधन संस्थेने पॅट्रियट ही हवाई संरक्षणाची क्षेपणास्त्रं चालवणाऱ्यांना सिम्युलेटरवर बसवलं होतं. ज्यांचे एएफक्यूटी जास्त त्यांनी राखायची ठिकाणं जास्त वाचवली. सिग्नलच्या तिघांच्या तुकड्यांतही तसंच: एक जण जरी वरच्या गटातला असला तरी पूर्ण तुकडीची यंत्रणा चालू होण्याची शक्यता वाढायची.

---

माणदेशी

आमच्याकडचं सांगू का? मी गावाकडं भरती अकॅडमीत पोरं पळवतो. अग्निवीरला आधी ग्राउंड असायचं, मग लेखी. २०२३ पासून उलटं केलं. आधी कॉम्प्युटरवर सीईई ही सामाईक लेखी परीक्षा, त्यात पास झाला तरच रॅली, म्हणजे मैदानी चाचणी. जनरल ड्यूटीला एका तासात पन्नास प्रश्न, चुकलं की मार्क कापतात. पहाटे चारला उठून १६०० मीटर साडेपाच मिनिटांच्या आत मारणारा पोरगा माउस हातात धरायला घाबरतो. शेतात काम करून आलेला, सायबर कॅफेत कधी गेला नाही. त्याचं उलट, तालुक्याला क्लास लावलेला पोरगा सीईई काढतो आणि रॅलीत दुसऱ्या राउंडलाच पोट धरून बसतो.

आता मराठीतूनही पेपर देता येतो, हे चांगलं झालं. आधी हिंदी-इंग्रजीत प्रश्न समजण्यातच अर्धा वेळ जायचा. माझ्या पोरांचे मार्क त्यामुळे वाढले. मग ती हुशार झाली म्हणायची का?

---

मेघना_डी

माणदेशी, शेवटचं वाक्य चौकटीत लावा. यर्क्सला शंभर वर्षांपूर्वी हे कळलं असतं तर बरं झालं असतं.

अमेरिकन लष्करानेही हेच स्वतः सिद्ध करून दाखवलंय. २०२२ मध्ये भरती घसरली तेव्हा फोर्ट जॅक्सनला तयारी वर्ग सुरू केला. २१ ते ३० पर्सेंटाइलवाल्यांना कमाल ९० दिवस भाषा-गणित शिकवायचं आणि पुन्हा परीक्षा. बहुतेक जण वरच्या गटात जाऊन पुढे प्रशिक्षणाला गेले. ज्याला आपण 'क्षमता' म्हणतो ती तीन महिन्यांच्या खडू-फळ्याने वाढत असेल तर...

---

गणिती_बाबा

तर दोन शक्यता. एक, क्षमता खरंच वाढली, वाचन सुधारलं. मग पुढे कामातही तो फरक दिसायला हवा. दोन, फक्त परीक्षा देण्याचं तंत्र आलं. मग नवा आकडा फुगलेला, १९७६ सारखाच, फक्त या वेळी मुद्दाम. कुठली खरी हे त्या पोरांच्या चार वर्षांच्या नोकरीवरूनच कळेल, वर्गाच्या निकालावरून नाही. अकॅडमीवाल्यांनी याचा राग मानू नये.

---

माणदेशी

राग कशाचा. आमची गाईडं पाठ करून पास झालेलीही आहेत, मला ठाऊक आहेत. पण भूक लागलेल्या घरातलं पोरगं पाठांतर करायला रोज तीन तास बसतं, ते पण काहीतरी सांगतंच की त्याच्याबद्दल.

---

सुभेदार_निवृत्त

स्वभावचाचणी कशी घेतात ते कोणी सांगेल का? "तुम्ही प्रामाणिक आहात का" विचारलं तर भरतीला आलेला कोण नाही म्हणेल?

---

गणिती_बाबा

त्यावर त्यांनी युक्ती काढली. २००९ पासून 'टॅपास' नावाची चाचणी घेतात. दोन वाक्यं समोर येतात, दोन्ही सारखीच चांगली दिसणारी. एक मेहनतीबद्दल, एक मिळून राहण्याबद्दल. स्वतःला जास्त लागू पडेल ते निवडायचं, दोन्ही नाही म्हणता येत नाही. त्यामुळे सोंग आणणं कठीण होतं. अशक्य होत नाही.

आता भारतासाठी माझी इच्छा. अग्निवीरांची पहिली तुकडी २०२३ च्या सुरुवातीला सेंटरवर दाखल झाली. चार वर्षांनी त्यातले २५ टक्क्यांपर्यंत कायम ठेवायचे. म्हणजे प्रत्येक पोराचे सीईईचे गुण एका टोकाला आणि चार वर्षांची कामगिरी दुसऱ्या टोकाला. प्रोजेक्ट ए ला ज्यासाठी कोट्यवधी डॉलर लागले तसला विदा (डेटा) इथे आपसूक जमतोय. फक्त एक पथ्य: जो अधिकारी चार वर्षांनी शेरा देणार त्याला सीईईचे गुण दिसता कामा नयेत. नाहीतर तो मार्क बघून शेरा देईल आणि आपण म्हणू, बघा, परीक्षा किती अचूक!

---

सुभेदार_निवृत्त

बाबा, कंपनी कमांडरला पोराचे सीईईचे मार्क बघायला वेळ नसतो. तो मला विचारतो, "साहब, लडका कैसा है?" तुम्हाला काही लपवायचंच असेल तर पोराचं गाव आणि त्याचा काका कुठल्या पलटणीत होता ते लपवा.

---

चिकित्सक

+१. आणि हे कुठल्या रकान्यात भरायचं ते गणितीबाबांनी सांगावं.